'पेशवाई' : एका शब्दाचा अर्थ आणि त्याची घडण

जुहू येथील एका तरुण वाचकाने आम्हांला विचारले आहे की, आपल्या सभांमधून आणि गीतांमधून 'पेशवाई' हा शब्द जुलमी राजवटीचा पर्याय म्हणून वापरला जातो. परंतु बाजारात पाहावे तर त्याच नावाने पागोटी, दागिने आणि भोजनाची ताटे विकली जातात. मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता? प्रश्न साधा दिसला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. शब्दांचे अर्थ कोशात छापले जातात हे खरे. पण ते घडतात माणसांच्या भोगण्यात, आणि कोणाचे भोगणे कोशापर्यंत पोहोचते व कोणाचे वेशीबाहेर राहते, हाही भाषेच्या इतिहासाचाच भाग आहे. म्हणून या शब्दाच्या घडणीचा थोडा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

'पेशवा' हा शब्द फारसी आहे. 'पेश' म्हणजे पुढे, समोर. कचेरीत कागद 'पेश' केला जातो, आगाऊ दिलेल्या रकमेला 'पेशगी' म्हणतात, ती सर्व याच मुळाची रूपे होत. पेशवा म्हणजे पुढे असणारा, अग्रणी; आणि त्याचे भाववाचक रूप 'पेशवाई', म्हणजे अग्रणीपण. पालीच्या अभ्यासकांना येथे धम्मपदाच्या पहिल्याच गाथेतील 'पुब्बङ्गम' या शब्दाची आठवण होईल. तेथे मन हे सर्व अवस्थांच्या पुढे जाणारे म्हटले आहे. दोन भाषांतील, दोन निराळ्या जगांतील हे शब्द. पण कल्पना एकच, जो पुढे चालतो त्याच्यामागून बाकीचे येतात. मूळ शब्दात जुलमाचा लवलेशही नाही. उत्तर भारतात तर पेशवाईचा अर्थ सामोरे जाऊन केलेले स्वागत, असा झाला. कुंभमेळ्यात आखाड्यांचा जो मिरवणुकीने प्रवेश होतो त्याला पेशवाई म्हणण्याची रीत होती. २०२५ च्या प्रयागराज येथील मेळ्यात आखाड्यांनी हा शब्द परका ठरवून त्याच्या जागी 'छावणी प्रवेश' असे नाव घेतले. महाराष्ट्रात ज्या शब्दाचा अभिमान बाळगला जातो तो गंगेकाठी परका म्हणून टाकला जावा, यातली गंमत वाचकांच्या लक्षात येईलच.

दख्खनमध्ये हा शब्द बहमनी राज्याच्या कारभारातून आला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीत प्रधानाच्या पदाला लागला. येथे एका पेशव्याचे नाव आवर्जून सांगितले पाहिजे, कारण ते सहसा सांगितले जात नाही. ते नाव मलिक अंबरचे. आफ्रिकेतील हबशी मुलखात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मनुष्य हातोहात विकला जात दख्खनेत आला आणि स्वकर्तृत्वावर निजामशाहीचा पेशवा झाला. मोगलांची फौज त्याने अनेक वर्षे रोखून धरली. जमीन महसुलाची त्याने घालून दिलेली पद्धत त्याच्या पश्चातही नावाजली गेली. १६२६ साली तो वारला. ज्या पदावर एक गुलाम पोहोचू शकला, त्याच पदाचे नाव पुढे जन्माधारित उच्चनीचतेचे नाव व्हावे, ही या शब्दाच्या इतिहासातील विलक्षण उलथापालथ होय.

शिवाजी महाराजांच्या कारभारातही पेशवा होता. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर फारसी पदनामे बदलून संस्कृत नावे देण्यात आली, त्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला आणि पेशवा हा 'मुख्य प्रधान' झाला. परंतु लोकांच्या तोंडून जुना शब्द गेला नाही. अष्टप्रधानांपैकी तो एक होता, छत्रपतींचा सेवक होता. ही स्थिती पालटली ती १७१३ नंतर. त्या वर्षी शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद दिले आणि तेव्हापासून १८१८ पर्यंत ते त्याच एका घराण्यात राहिले. १७४९ साली शाहू महाराज निधन पावले. त्यानंतर सत्ता साताऱ्याहून पुण्याला गेली. गादी छत्रपतींची, शिक्के छत्रपतींच्या नावाचे आणि राज्य प्रधानाचे. 'पेशवाई' हा पदाचा वाचक असलेला शब्द राजवटीचा वाचक झाला तो येथे.

आता मराठीत राजवटींची नावे जुलमाच्या अर्थाने वापरण्याची परंपरा जुनी आहे. झोटिंग म्हणजे भूत. त्यावरून 'झोटिंगशाही' हा शब्द आला. 'मोगलाई' हा शब्द तर आपण रोज ऐकतो. कोणी अरेरावी केली, की सामान्य मराठी माणूस सहज विचारतो, ही काय मोगलाई लागून गेली आहे? मुळात मोगलाई म्हणजे मोगलांचा मुलूख, पुढे निजामाच्या राज्यालाही लोक तेच म्हणत. त्या मुलखाच्या नावाचा अर्थ 'मनमानी कारभार' असा झाला आणि तो सर्व वर्गांच्या बोलीत निर्वेध रुजला. त्या शब्दाबद्दल कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या नाहीत. 'पेशवाई' शब्दाचा तसाच अर्थ मात्र महारवाड्यात, मांगवाड्यात, सत्यशोधकांच्या जलशांत आणि पुढे भीमगीतांत राहिला. वाड्यांमध्ये त्याच शब्दाचा अर्थ वैभव असा होता. भाषा एक, शब्द एक, पण कोणी तो ओसरीवरून उच्चारला आणि कोणी गावकुसाबाहेरून. मोगलाई शब्द लिहिणारा भाषेचा प्रचार पाळतो आणि पेशवाई शब्द लिहिणारा जातिद्वेष पसरवतो, असे जे मानले जाते त्याचे मूळ येथे आहे.

आमच्या वाचकाच्या जुहूचेच उदाहरण घेऊ. जुहू हे पूर्वी साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे एक लहानसे बेट होते. १५३४ पासून साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता. मराठी कागदपत्रांत त्या मुलखाला 'फिरंगाण' म्हणत. १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई पडली आणि साष्टी पेशव्यांच्या ताब्यात आली. १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला इंग्रज कंपनीने घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. म्हणजे या किनाऱ्यावरच्या कोळी, भंडारी, आगरी आणि महार कुटुंबांनी फिरंगाण, पेशवाई आणि कंपनीचे राज्य अशा तिन्ही राजवटी पाहिल्या; पैकी प्रत्यक्ष पेशवाई अवघी पस्तीस-छत्तीस वर्षे. मग मुंबईकडच्या माणसाने तिची आठवण एवढी का ठेवावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका सरकारी पत्रात आहे, त्याकडे आम्ही लवकरच येऊ.

त्याआधी पुण्याकडे पाहणे भाग आहे, कारण शब्दाला आशय मिळाला तो तेथे. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जातिविषयक ग्रंथात नमूद केले आहे की, मराठे व पेशवे यांच्या अमलात महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर पुण्याच्या वेशीच्या आत येण्यास मनाई होती. कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि लांब सावली उच्चवर्णीयाच्या अंगावर पडण्याचा संभव अधिक. या नियमाचा जरा शांतपणे विचार करावा. येथे शिक्षा गुन्ह्याला नाही, कृतीला नाही, स्पर्शालाही नाही. सूर्य कलला की माणूस दोषी ठरतो. गळ्यात थुंकीसाठी मडके आणि पावलांच्या खुणा पुसण्यासाठी कमरेला झाडू, ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या 'जातिसंहार' विषयक भाषणात मांडली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले ते भाषण प्रत्यक्षात झाले नाही. परंतु छापले गेले, आणि पेशवाई या शब्दाला आज आपल्या मनात जे चित्र चिकटले आहे ते मुख्यत्वे त्या पानांवरचे आहे.

याहून जुनी साक्ष एका मुलीची आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला. तिचे वय तेव्हा चौदा वर्षांचे होते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून महार किंवा मांग गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असे ती लिहिते. इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून माणसे पुरल्याचे ती सांगते. महार-मांगाला वाचता येते असे बाजीरावाला कळले तर तो कसा संतापे, तेही तिने नोंदवले आहे. १८१८ आणि १८५५ यांत सदतीस वर्षांचे अंतर आहे. म्हणजे ज्यांनी हे पाहिले, अंगावर घेतले, ती माणसे तिच्या आजूबाजूला जिवंत होती. दफ्तरात याची नोंद कोठे आहे, असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की, दफ्तर ज्यांच्या हाती होते त्यांना त्याची नोंद करण्याचे कारण नव्हते. जिला वाचण्याची बंदी होती त्या समाजाच्या मुलीने हाती लेखणी येताच जे पहिले लिहिले ते हेच होय.

याच पुण्यात १७९१ साली घाशीराम कोतवालाचे प्रकरण घडले. त्याच्या शिपायांनी कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले; शहरातील ब्राह्मण खवळून नाना फडणविसांच्या दारी जमले आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. कोतवाल स्वतः ब्राह्मण होता, तरी सुटला नाही. न्याय झाला, आणि तत्परतेने झाला. गुलटेकडीच्या मैदानासाठी मात्र कोणी कोणाच्या दारी जमल्याचे ऐकिवात नाही.

आता त्या पत्राविषयी. मुंबईतील सोनार समाजाचे लोक परस्परांना भेटताना 'नमस्कार' करीत. हा अधिकार त्यांना नाही, असे ब्राह्मणांचे म्हणणे पडले. मुंबई तेव्हा कंपनीची, पेशव्यांची नव्हे. साष्टीही त्यांच्या हातून गेलेली. तरीही पेशव्यांनी मुंबईच्या गव्हर्नराला याविषयी अनेकदा लिहिले. २८ जुलै १७७९ रोजी कंपनी सरकारने ठराव केला आणि ९ ऑगस्टला तो सोनारांच्या प्रमुखाला पत्राने कळवला : सोनारांनी नमस्कार या अभिवादनाचा वापर करू नये. ठरावात कारणही प्रांजळपणे दिले आहे. या बाबीत कंपनीचे काही हितसंबंध गुंतलेले नसल्यामुळे हा निर्णय पेशव्यांप्रति सौजन्य म्हणून समजावा, अशा आशयाचे ते कलम आहे. त्या वर्षाच्या जानेवारीतच वडगाव येथे पेशव्यांच्या सैन्याने कंपनीच्या फौजेला शरण आणले होते आणि हे युद्ध १७८२ पर्यंत चालले. रणांगणावर एकमेकांचे वैरी, आणि सोनाराने हात जोडावेत की न जोडावेत याविषयी मात्र एकमत!

हे प्रकरण अस्पृश्यांचे नाही, म्हणूनच आम्हांला ते महत्त्वाचे वाटते. सोनार हा सधन, शहरी, व्यवसायी समाज. त्याच्याही बाबतीत राज्यसत्तेने विचारलेला प्रश्न असा की, कोणत्या शब्दाने अभिवादन करण्याची तुमची पायरी आहे? पेशवाईचा गाभा येथे उघडा पडतो. सारा वसूल करणे, फौजा पाठवणे, बंड मोडणे हे सर्वच राजे करीत. पण प्रत्येक माणसाची जन्माने ठरलेली पायरी मोजणे आणि ती त्याने ओलांडू नये यासाठी सरकारी हुकूम काढणे, हे काम राज्याने आपले मुख्य कर्तव्य मानले, तेव्हा पेशवाई या शब्दाला त्याचा आजचा अर्थ प्राप्त झाला. आणि सीमेपलीकडच्या मुंबईत दुसऱ्याच्या शिक्क्याने तीच पायरी राखली जाऊ शकली. म्हणून पेशवाई हे केवळ मुलखाचे नाव राहिले नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. अस्पृश्यता पेशव्यांनी निर्माण केली काय? नाही, ती त्यांच्या शेकडो वर्षे आधीची आहे आणि इतर राज्यांतही होती. शिंदे, होळकर, गायकवाड हे ब्राह्मणेतर सरदार पेशव्यांच्या काळातच मोठे झाले. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिदनाक महार पेशव्यांच्या बाजूने लढला आणि त्याच्या तंबूबद्दल कुरकुर झाली तेव्हा त्याचीच बाजू घेण्यात आली, अशी कथा सांगितली जाते. ही सर्व वस्तुस्थिती आम्ही नाकारीत नाही. उलट १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईविषयी बोलतानाही, ती फौज कंपनीची होती आणि तीत महारांबरोबर इतर समाजांचे शिपाई होते, हे विसरता कामा नये. तेथील स्तंभावर 'नाक' प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले ते कंपनीचे गुणगान करण्यासाठी नव्हे. ज्यांच्या सावलीलाही वेशीत मज्जाव होता, त्यांची नावे दगडावर कोरलेली होती. ती वाचता येत होती.

शब्द वापरताना सावधपणा हवा तो दुसऱ्या एका बाबतीत. पेशवाई म्हणजे अमुक एक जात, असे समीकरण सैलपणे मांडले जाते. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, तेव्हा ब्राह्मणशाहीचा अर्थही लगेच स्पष्ट केला. ब्राह्मण समाजाची सत्ता वा विशेषाधिकार असा अर्थ आपणांस अभिप्रेत नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव यांचा अभाव म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व वर्गांत आढळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. हा निकष पेशवाई या शब्दालाही लावावा, असे आमचे मत आहे. आपल्यापेक्षा खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या वराची वरात गावातून जाऊ न देणारा मनुष्य कोणत्याही जातीचा असो, त्याचे वर्तन पेशवाईचेच आहे. तो आपल्यातला असला तरीही.

राज्यसंस्थेच्या शब्दांचा असा उलगडा करण्याची रीत तथागतांच्या देशनेतही आढळते. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोघांशी झालेला संवाद आहे. भिक्षुसंघात येऊ पाहणाऱ्या या दोघांची त्यांचेच जातबांधव निंदा करीत होते. तेव्हा भगवंतांनी वर्णांची उत्पत्ती ब्रह्म्याच्या मुखातून वा पायातून न सांगता माणसांच्या व्यवहारातून सांगितली. शेतांची वाटणी झाली, चोरी सुरू झाली, म्हणून लोकांनी आपल्यातील एकाला निवडले. बहुजनांनी संमती दिलेला म्हणून तो 'महासम्मत', आणि धम्माने इतरांना संतोष देणारा म्हणून 'राजा'. म्हणजे पदाचा उगम लोकांच्या संमतीत आहे आणि नावाचा अर्थ वर्तनात. या कसोटीवर पेशवेपदाचे काय झाले ते पाहावे. मुळात नेमणुकीचे पद वारशाचे झाले आणि 'पुढे चालणारा' हा अर्थ 'वर बसलेला' असा झाला. अंगुत्तरनिकायात नदी ओलांडणाऱ्या गुरांचा दृष्टान्त आहे. पुढचा बैल वाकडा चालला की सारा कळप वाकडा चालतो. राजा अधम्माने वागला की अधिकारी, मग गृहस्थ, मग नगरे आणि खेडी तशीच वागू लागतात, असे तेथे म्हटले आहे. पुब्बङ्गम आणि पेशवा हे शब्द अर्थाने भाऊ असले तरी, पुढे चालणाऱ्याची दिशा कोणती, हा प्रश्न दोघांनाही चुकत नाही.

अलीकडे 'नवी पेशवाई' असा शब्दप्रयोग ऐकू येतो. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर भरलेल्या परिषदेत तो प्रकर्षाने झाला आणि दुसऱ्याच दिवशी कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला. त्यानंतर या शब्दावर न्यायालयापर्यंत वाद गेले. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. परंतु मूळची पेशवाई तरी ३ जून १८१८ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने जॉन माल्कमला शरण जाऊन वार्षिक आठ लाखांचे निवृत्तिवेतन पत्करले तेव्हा संपली काय, हे पाहणे या प्रश्नाच्या उत्तरासाठी आवश्यक आहे. बाजीराव बिठूरला गेला आणि १८५१ साली तेथेच वारला. त्यानंतर पाच वर्षांनी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारण्यात आला. मुलाने मुंबई सरकारकडे दाद मागितली. तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. परंतु एका मुलासाठी इतर सर्वांच्या मनाविरुद्ध जाणे इष्ट नाही, असे सांगून हस्तक्षेप करण्याचे नाकारले. शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढून तेव्हा ३८ वर्षे उलटली होती.